दोष कोणाचा? फादर ग्रेगोर मेंडेल यांची जीवनकथा



योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळ्या असलेल्या एका माणसाची हकिकत आहे. त्याला पाहून शिष्य येशूला विचारतात की, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे? त्याच्या स्वतःच्या की त्याच्या आईबापांच्या? येशू सांगतो की, दोघांच्याही पापामुळे नाही.

उत्तर मिळून दोन हजार वर्षे होत आली, पण प्रश्न काही आपल्या घरांतून गेलेला नाही. एखादे लेकरू वरचेवर आजारी पडते, हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते, अंगात रक्त टिकत नाही. डॉक्टर सांगतात की आजार जन्मापासूनचा आहे. मग घरात चौकशी सुरू होते, हे आले कोणाकडून? आमच्या घराण्यात तर असे कधी नव्हते! आणि बोट जाते ते बहुतेक वेळा सुनेकडे. तिच्या माहेरचे आहे, तिला कोणाची तरी नजर लागली, तिच्या वाडवडिलांचे पाप आहे. आजारी लेकराला उराशी धरून बसलेल्या आईने हे सगळे ऐकायचे.

आईबापांचे गुण आणि आजार मुलांत कसे उतरतात, याचा नियम जगाला प्रथम ज्यांनी दाखवून दिला, ते एक कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांचे नाव फादर ग्रेगोर मेंडेल. त्यांचे नाव आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते. मुले परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरून जातात. पण त्यांनी शोधलेली गोष्ट परीक्षेपेक्षा घरात जास्त उपयोगी पडणारी आहे. म्हणून आज त्यांची कथा.

शेतकऱ्याचा मुलगा

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील हाइन्झेंडॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्यात त्यांचे नाव ठेवले योहान. वडील अंटोन हे साधे शेतकरी. आठवड्यातले काही दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःची जमीन कसायची, असा तो काळ होता. वडिलांना फळझाडांची कलमे बांधण्याचा नाद होता. गावच्या धर्मगुरूंनीच शेतकऱ्यांना सुधारित फळबागेची गोडी लावली होती. आपल्याकडे डहाणू-घोलवडच्या वाडीत खिरणीच्या खुंटावर चिकूचे कलम बांधतात, तसलेच हे काम. लहान योहान ते पाहत आणि करत वाढला.

मुलगा हुशार, पण घरची परिस्थिती बेताची. १८३८ मध्ये जमीनदाराच्या कामावर असताना वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका आला आणि ते कायमचे अधू झाले. शिक्षणाचा खर्च थांबला. शिकवण्या करून, अर्धपोटी राहून योहानने शाळा पुरी केली. पुढच्या शिक्षणासाठी पैसे नव्हते तेव्हा धाकटी बहीण तेरेजिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी ठेवलेल्या हुंड्यातला वाटा तिने भावाच्या शिक्षणाला दिला. मेंडेल हे उपकार विसरले नाहीत. पुढे तेरेजियाच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, योहान ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या मठात दाखल झाला. हा मठ संत ऑगस्टिन यांच्या संघाचा. तिथे त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. १८४७ मध्ये गुरुदीक्षा झाली.

नापास झालेले गुरुजी

नव्या फादरांना धर्मग्रामाचे काम देण्यात आले. त्यात रुग्णालयातील आजाऱ्यांना भेटी देणेही होते. पण मेंडेल यांचे मन फार हळवे होते. लोकांच्या वेदना त्यांना पाहवेनात. रुग्णांना धीर देता देता ते स्वतःच अंथरुणाला खिळले. मठाधिपती फादर नॅप हे जाणते गृहस्थ होते. त्यांनी ओळखले की हा माणूस कामचुकार नाही, त्याची जागा चुकली आहे. त्यांनी मेंडेल यांना शाळेत शिकवायला पाठवले. तिथे ते मुलांचे आवडते झाले.

तरी वाट सरळ नव्हतीच. कायम शिक्षक होण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. १८५० मध्ये मेंडेल त्या परीक्षेत नापास झाले. मठाधिपतींनी त्यांना रागे न भरता व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला धाडले. तिथे ते दोन वर्षे भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. मोजदाद कशी ठेवावी आणि आकड्यांतून नियम कसा काढावा, हे त्यांना तिथे उमगले. परत आल्यावर १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण ताण सहन न होऊन अर्ध्यावर सोडून आले. ते प्रमाणपत्र त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. सुमारे चौदा वर्षे त्यांनी बदली शिक्षक म्हणूनच शिकवले. दहावी-बारावीच्या निकालानंतर तोंड लपवून बसणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

वाटाण्याचा मळा

ज्या वर्षी ती परीक्षा हुकली, त्याच वर्षी मेंडेल यांनी मठाच्या आवारात वाटाणा लावून आपल्या प्रयोगांना सुरुवात केली. जमीन कितीशी? सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. आपल्याकडच्या मिरचीवाल्याच्या हिशेबाने काही वाफेच म्हणायचे.

त्यांनी वाटाण्याचे ३४ प्रकार जमवले, दोन वर्षे लावून पाहिले आणि त्यांतील पिढ्यान्पिढ्या एकसारखे येणारे २२ प्रकार निवडले. मग सात गोष्टींवर लक्ष ठेवले : दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, फुलाचा रंग कोणता, शेंग कशी, अशा साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. फूल उमलण्याआधी ते त्याचे पुंकेसर चिमट्याने काढून टाकत, दुसऱ्या झाडाचे पराग ब्रशने लावत आणि मधमाशीने घोटाळा करू नये म्हणून फुलाला पिशवी बांधत. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे हे चालले. या काळात त्यांच्या हाताखालून हजारो झाडे गेली. शाळा सांभाळून, प्रार्थनेच्या वेळा पाळून एका माणसाने हे केले.

त्यांना काय दिसले? पिवळ्या दाण्याच्या आणि हिरव्या दाण्याच्या झाडांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे पिवळे आले. हिरवा रंग जणू नाहीसाच झाला. दुसरा कोणी इथेच थांबला असता. मेंडेल यांनी ते पिवळे दाणे पेरले आणि त्यांचे पीक मोजले. एकूण ८,०२३ दाणे भरले. त्यांत ६,०२२ पिवळे होते आणि २,००१ हिरवे! म्हणजे चारांत तीन पिवळे, एक हिरवा. नाहीसा झालेला रंग नातवंडांच्या पिढीत परत आला होता. बाकीच्या सहा गोष्टींतही हाच तीनास एक हिशेब निघाला.

ते आणखी पुढे गेले. दुसऱ्या पिढीतील पिवळ्या दाण्यांपासून त्यांनी ५१९ झाडे वाढवली. त्यांतील १६६ झाडांना फक्त पिवळे दाणे आले. उरलेल्या ३५३ झाडांना पिवळे आणि हिरवे असे दोन्ही आले. दिसायला दाणे सगळे सारखेच पिवळे होते, पण त्यांतील दोन तृतीयांश दाण्यांच्या पोटात हिरवा लपलेला होता.

यातून मेंडेल यांनी नियम मांडला. प्रत्येक गुणासाठी जिवाच्या अंगी दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. दोन्ही वेगवेगळे असले तर त्यांतील एक प्रभावी ठरतो आणि दुसरा दबून राहतो. पण दबलेला घटक मरत नाही. पुढच्या पिढीला देताना दोन्हींपैकी एकच जातो, आणि कोणता जाईल ते निव्वळ योगायोगावर असते. दोन्हीकडून दबलेला घटकच आला तर तो गुण पुन्हा उघड दिसतो. त्या घटकाला आज आपण जनुक म्हणतो.

आपल्या वाणगावच्या मिरची पिकवणाऱ्यांना यातले अर्धे अनुभवाने ठाऊक आहे. संकरित मिरचीचे बी विकत आणून लावले की सगळी झाडे एकसारखी येतात. पण त्याच मिरचीचे बी घरी काढून पुढच्या वर्षी लावले, तर एक झाड असे, दुसरे तसे. कंपनीने फसवले असे वाटते. खरे तर तो मेंडेल यांच्या वाफ्यातलाच हिशेब आहे. लपलेले आजी-आजोबा बाहेर येतात.

बीज आणि शेत

आता मुद्द्याची गोष्ट. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवला जाई. हा थोर तत्त्ववेत्ता मानत असे की अपत्याला रूप देतो तो पिता आणि माता पुरवते ती केवळ सामग्री. आपल्याकडेही बीज पुरुषाचे आणि शेत बाईचे असे म्हणतातच. मूल चांगले निघाले तर बीज चांगले, वाईट निघाले तर शेत वाईट!

मेंडेल यांनी यासाठी संकर दोन्ही बाजूंनी करून पाहिला. एकदा पिवळ्या जातीचे पराग हिरवीला लावले आणि एकदा हिरव्या जातीचे पिवळीला. निकाल तोच आला. पराग कोणाचे आणि बीजांड कोणाचे, याने काही फरक पडला नाही. आईचा वाटा आणि बापाचा वाटा अगदी समान होता. हजारो वर्षांची समजूत एका धर्मगुरूच्या वाटाण्यांनी खोटी ठरवली.

मुलगा की मुलगी हा प्रश्न पुढे १९०५ च्या सुमारास सुटला. ते ठरते पित्याकडून येणाऱ्या पेशीवर, तेही योगायोगाने. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना विज्ञानाचा आधार नाही, आणि श्रद्धेचा तर कधीच नव्हता.

कोणी ऐकले नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपला निबंध वाचला. लोकांनी ऐकून घेतले आणि घरी गेले. १८६६ मध्ये तो छापून आला. त्यांनी काही प्रती विद्वानांना पाठवल्या. म्युनिकचे प्रसिद्ध प्राध्यापक नेगेली यांच्याशी पत्रव्यवहार केला. त्यांनाही महत्त्व कळले नाही. नेगेली ज्या रानफुलावर काम करत होते, त्यावर मेंडेल यांनीही वर्षानुवर्षे प्रयोग केले, पण ते झाड पुष्कळदा परागांशिवायच बी धरते. त्यामुळे नियम तिथे दिसेना. त्या बारीक कामाने त्यांचे डोळेही दुखावले.

१८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि कामाच्या रगाड्यात प्रयोग मागे पडले. मधमाश्या पाळणे आणि हवामानाची नोंद ठेवणे एवढे चालू राहिले. १८७४ च्या कायद्याने सरकारने मठांवर जो कर बसवला, तो अन्यायाचा आहे असे म्हणून त्यांनी तो शेवटपर्यंत भरला नाही. या भांडणात त्यांची उमेदीची वर्षे गेली. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीत संगीताची बाजू लेओश यानाचेक यांनी सांभाळली. त्याच मठात गायला शिकलेला हा मुलगा पुढे जगप्रसिद्ध संगीतकार झाला. जमलेल्या लोकांनी एका उदार मठाधिपतीला निरोप दिला. आपण एका थोर शास्त्रज्ञाला मूठमाती देतो आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचे बरेचसे कागदही नंतर जाळून टाकण्यात आले.

सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, द व्रीस, कोरेन्स आणि चेरमाक या तीन शास्त्रज्ञांना वेगवेगळ्या ठिकाणी हाच नियम सापडू लागला. जुनी पुस्तके चाळताना कळले की एका धर्मगुरूने हे ३४ वर्षांपूर्वीच छापून ठेवले आहे.

वाफ्यातून घरात

वाटाण्याचा हिशेब माणसालाही लागू पडतो. आपल्या मुंबईतच १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक आगळा रक्तगट सापडला. तो आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ वाटणाऱ्या या लोकांना ‘ओ’ गटाचे रक्त चालत नाही. आईबाप दोघांकडून दबलेला घटक आला तरच हा गट दिसतो.

पण आपल्या भागात अधिक जवळचा विषय आहे सिकलसेलचा. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट यांच्याप्रमाणे आपल्या पालघर जिल्ह्यातही हा आजार आहे. आदिवासी समाजात तो जास्त आढळतो, पण इतर समाजही त्यापासून सुटलेले नाहीत. या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि भयंकर वेदना होतात. रक्त कमी पडते, जंतुसंसर्ग लवकर होतो.

हा घटक दबून राहणारा आहे. एकाच पालकाकडून आला तर ते मूल ‘वाहक’ होते. वाहक सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, त्याला पत्ताही नसतो. पिवळ्या दाण्यात लपलेल्या हिरव्यासारखेच हे. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असे नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

आणि आता सांगा, दोष कोणाचा? मूल आजारी आहे याचा अर्थच असा की घटक आईकडूनही आला आणि बापाकडूनही आला. एकट्या सुनेकडून हा आजार येऊच शकत नाही. बहुतेक वेळा त्या दोघांच्याही आजी-आजोबांना तो ठाऊक नव्हता. हे कोणाचे पाप नाही, करणी नाही, नजर नाही. उलट या घटकाच्या वाहकांना लहानपणी हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. तापाच्या प्रदेशांत तो टिकून राहिला तो त्यामुळेच.

मेंडेल यांच्या नियमाचा काहींनी दुरुपयोगही केला. विसाव्या शतकात अनेक देशांत दुबळ्यांना अपत्ये होऊच नयेत असे कायदे झाले. जर्मनीत १९३३ मध्ये झालेल्या कायद्याने लाखो लोकांची सक्तीने नसबंदी केली. त्याआधीच, १९३० च्या अखेरीस, पोप अकरावे पायस यांनी विवाहावरील आपल्या परिपत्रकात अशा विचारांचा निषेध केला होता. हिरवा दाणा हा वाईट दाणा नव्हे. आजारी लेकरूही देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेले पूर्ण माणूस आहे.

मग आपण काय करावे? सिकलसेलची तपासणी सोपी आहे, रक्ताचे थोडे थेंब लागतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात पैसे पडत नाहीत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी देशव्यापी मोहीमही सुरू केली. तरुण-तरुणींनी ही तपासणी साखरपुड्याच्या आधी करून घ्यावी, पत्रिका छापल्यावर नव्हे. विवाहपूर्व शिबिराला येताना आपण वाहक आहोत की नाही हे माहीत असावे. वाहक असणे हा कलंक नाही, त्यावरून कोणाची सोयरीक मोडून बदनामी करू नये. पण दोघांनी आधी जाणून, डॉक्टरांशी बोलून, प्रार्थनापूर्वक निर्णय घ्यावा. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी भगताकडे वेळ न दवडता नियमित औषध घ्यावे. भरपूर पाणी, वेळेवर लसी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांनी वेदना पुष्कळ कमी होतात. आणि सासूबाईंनो, सासरेबुवांनो, त्या आईला बोल लावू नका. तिला रात्रीची थोडी झोप मिळावी म्हणून ते लेकरू तुम्ही मांडीवर घ्या.

रुग्णांच्या वेदना पाहवत नाहीत म्हणून जो धर्मगुरू रुग्णालयातून परत फिरला, त्याच्याच वाटाण्यांनी आज रुग्णांच्या आयांवरचा आरोप पुसला आहे. त्यांच्या कामाचे चीज करणे आता आपल्या हाती आहे.

आपला,
धर्मग्राम गुरू, वाणगाव